चिठ्ठीवर लिहा, हा साप कोणता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अलीकडे 'स्पिरिच्युअल ज्वेलरी' या विषयावर पानभर लेख प्रसिद्ध झाला. त्यात चांदीच्या तीन पेंडंटांची छायाचित्रे होती आणि तिन्हींखाली 'केल्टिक सर्प' एवढाच मजकूर होता. पहिल्या सापाला मेंढ्यासारखी वळलेली शिंगे होती, दुसरा स्वतःच्याच अंगाची गाठ घालून बसलेला होता आणि तिसऱ्याने स्वतःची शेपटी तोंडात धरली होती. लेखात म्हटले होते की पाच हजार वर्षांपूर्वी केल्ट, म्हणजे युरोपातल्या प्राचीन टोळ्यांचे लोक, यांचे पुरोहित, म्हणजे ड्रुइड, असे सर्प गळ्यात धारण करीत. हा सर्प पुनर्जन्माचे आणि रोगनिवारणाचे प्रतीक आहे. आणि आपल्याकडे जिला कुंडलिनी म्हणतात ती हीच, असेही त्यात होते. प्रत्यक्षात हे तीन साप एकमेकांचे कोणीही नाहीत, त्यांतला एक केल्टांचा नाहीच, आणि पाच हजार वर्षांपूर्वी केल्ट नावाने ओळखता येईल असा समाजही नव्हता. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमच्या घरी तीन पिढ्यांपासून चांदीचे काम चालते. देवाचे टाक करून घ्यायला कोणी आले, तर वडील आधी कुळ विचारीत, मग कुलदैवत, मग खंडोबा घोड्यावर हवा की उभा, देवीच्या हातात काय आहे, घरातला जुना टाक कसा होता, आणि त्यानंतरच ठशाला हात लावीत. ज्या घराचा जो देव, तोच त्या घराच्या देव्हाऱ्यात जायला हवा, ही त्यांची शिस्त होती. मुलीच्या संसारानिमित्त गेली काही वर्षे माझे डब्लिनला जाणे-येणे होते, आणि तिथल्या दुकानांत व संग्रहालयांत दागिने पाहताना हीच शिस्त माझ्या मनात असते. अलीकडे पुण्यातली तरुण मुले-मुली मोबाइलवर चित्र दाखवून 'असा केल्टिक साप करून द्या' म्हणतात, तेव्हा मी त्यांना तोच प्रश्न विचारते: कोणता?

शिंगे असलेल्या सापापासून सुरुवात करते, कारण केल्टांचा म्हणून सर्वांत अधिक खात्रीने दाखवता येईल असा साप हाच आहे. डेन्मार्कमध्ये गुंडेस्त्रुप नावाच्या वस्तीजवळच्या दलदलीत २८ मे १८९१ रोजी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणणाऱ्या मजुरांना चांदीच्या पत्र्यांची एक रास सापडली. ते पत्रे एका मोठ्या हंड्याचे होते, आणि कोणीतरी तो हंडा मुद्दाम सुटा करून ठेवला होता. जोडल्यावर त्याचा व्यास ६९ सेंटिमीटर आणि उंची ४२ सेंटिमीटर भरली. वजन नऊ किलोच्या जवळपास आहे. आज तो कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. पत्रा मागून ठोकून उठाव काढायचा आणि पुढून बारीक छिन्नीने केस, लोकर, खवले कोरायचे, ही त्याची कारागिरी आमच्या धंद्यातल्या माणसाला चटकन ओळखू येते. काही भागांवर सोन्याचा मुलामा आहे आणि आकृत्यांच्या डोळ्यांत काच बसवलेली होती. तो इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या किंवा पहिल्या शतकातला मानला जातो.

त्याच्या आतल्या एका पत्र्यावर डोक्यावर हरणाची शिंगे असलेला पुरुष पाय दुमडून बसला आहे. त्याच्या गळ्यात टॉर्क आहे, म्हणजे धातूची कांब वळवून केलेले, पुढून उघडे असलेले गळ्यातले कडे. दुसरा टॉर्क त्याने उजव्या हातात उंच धरला आहे आणि डाव्या मुठीत डोक्याच्या जरा खाली पकडलेला लांब साप आहे. त्या सापाला मेंढ्याची शिंगे आहेत. हाच मेंढाशिंगी साप हंड्यावर तीन ठिकाणी येतो. एका पत्र्यावर तो घोडेस्वारांच्या रांगेच्या पुढे आहे. त्याच पत्र्यावर एक प्रचंड आकृती एका माणसाला पिंपासारख्या भांड्यात उलटा बुडवीत आहे, आणि खालच्या रांगेतून पायी आलेले योद्धे तिथून घोड्यावर स्वार होऊन परततात. युद्धात पडलेल्यांना नवे जीवन मिळते, असा या दृश्याचा अर्थ अनेक अभ्यासक लावतात. केल्टिक सापाचा पुनर्जन्माशी संबंध जोडायला थोडाफार पुरातन आधार कुठे असेल, तर तो या पत्र्यावर आहे, आणि आपल्या लेखात नेमका त्याचाच उल्लेख नव्हता.

हा साप एकट्या त्या हंड्यावर असता तर शंका घेता आली असती, कारण हंड्याची घडण थ्रेसच्या, म्हणजे आजच्या बल्गेरिया-रुमानियाच्या बाजूच्या, रौप्यकामाशी फार जुळते, आणि त्याच्या एका पत्र्यावर चक्क दोन हत्तीही आहेत. परंतु उत्तर इटलीतल्या वाल कामोनिका खोऱ्यातील कातळावर शिंगे असलेल्या उभ्या देवाजवळ हाच साप कोरलेला आहे. रोमन अमलाखालच्या गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, तो दगडी शिल्पांत पुन्हा पुन्हा दिसतो. आणि इंग्लंडमधील सायरनसेस्टरच्या एका लहानशा शिल्पात तर देवाचे दोन्ही पाय म्हणजेच मेंढ्याच्या तोंडाचे दोन साप आहेत. इतक्या दूरदूरच्या ठिकाणी तोच साप आणि बहुधा तोच शिंगे असलेला देव एकत्र यावेत, यावरून ती जोडी त्या लोकांच्या मनात पक्की होती असे म्हणता येते. साप मेंढ्याची शिंगे घेऊन का आला, हे मात्र कोणत्याही जुन्या ग्रंथात लिहिलेले नाही. ज्युलियस सीझरने नोंदवले आहे की ड्रुइड आपली शिकवण लिहून ठेवणे योग्य मानीत नसत. शिष्य ती तोंडपाठ करीत, आणि काहींना त्यासाठी वीस वर्षे लागत. त्यामुळे 'ड्रुइडांच्या मते या सर्पाचा अर्थ असा' हे वाक्य जेव्हा पेंडंटच्या चिठ्ठीवर येते, तेव्हा ते आजच्या कोणाचे तरी मत असते.

त्या देवाला सगळीकडे 'केर्नुन्नोस' म्हटले जाते आणि दुकानातही याच नावाने तो विकला जातो. हे नाव हंड्यावर कुठेही नाही. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चखाली अठराव्या शतकाच्या आरंभी सापडलेल्या, सम्राट तिबेरियसच्या काळात सीन नदीवरच्या नावाड्यांनी उभारलेल्या स्तंभावर शिंगे असलेल्या एका देवावर ते कोरलेले आहे. त्याच्या शिंगांत टॉर्क अडकवलेले आहेत आणि त्या आकृतीजवळ साप दिसत नाही. साम्यावरून नाव पुढे सरकले आहे. हे चूक आहे असे माझे म्हणणे नाही, पण दागिना घडवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला हे माहीत असावे.

येथे भारतीय वाचकाच्या मनात मोहेंजोदडोची मुद्रा येणारच. पाय दुमडून बसलेला, शिंगांचा मुकुट घातलेला आणि भोवती प्राणी असलेला पुरुष पाहून पुरातत्त्वज्ञ सर जॉन मार्शल यांनी त्याला शिवाचे आद्य रूप म्हटले, तेव्हापासून गुंडेस्त्रुपच्या देवाशी त्याची तुलना होत आली आहे. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली की साम्य मलाही जाणवते. तरीही त्या मुद्रेवर हत्ती, वाघ, गेंडा, रेडा आणि आसनाखाली हरणासारखे प्राणी आहेत, साप नाही. आणि दोहोंमध्ये जवळजवळ दोन हजार वर्षांचे अंतर आहे. त्या साम्याच्या आधारावर 'केल्टिक सर्प म्हणजे पशुपतीचा सर्प' असे छापणे म्हणजे मुद्रेवर नसलेला साप तिच्यावर कोरणे होय.

रोगनिवारणाचा दावा मी सरसकट नाकारीत नाही. जर्मनीतील होखशाइड येथे एका झऱ्यावरच्या देवळात सिरोना या देवीची दगडी मूर्ती मिळाली, ती आता ट्रिअरच्या संग्रहालयात आहे. देवीच्या हाताभोवती साप वेढलेला आहे आणि तिच्या दुसऱ्या हातातल्या वाटीतील अंड्यांकडे त्याने तोंड केले आहे. झरे, औषधी पाणी आणि आरोग्य यांच्याशी या देवीचा संबंध निश्चित आहे. साप मात्र बहुधा ग्रीक-रोमन आरोग्यदेवता हायजीयाकडून तिच्याकडे आला. माझ्या मते हे चित्र पेंडंटांवरच्या कोणत्याही घोटीव नक्षीपेक्षा सुंदर आहे. ज्यांना आजारी माणसासाठी काही घडवून घ्यायचे आहे, त्यांनी वाटीतल्या अंड्यांकडे झुकलेला हा साप मागावा. त्याला ठिकाण आहे, देवी आहे आणि त्याच्यामागे बरे होण्याची इच्छा धरून झऱ्यावर आलेली माणसे आहेत.

'ड्रुइड साप गळ्यात घालीत' या वाक्याजवळ जाणारी एकच जुनी साक्ष माझ्या वाचनात आहे, आणि तीही सापाच्या आकाराच्या दागिन्याविषयी नाही. रोमन लेखक प्लिनी, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला, त्याने आपल्या विश्वकोशाच्या एकोणतिसाव्या खंडात गॉलमधल्या 'सापाच्या अंड्या'ची हकिगत दिली आहे. उन्हाळ्यात असंख्य साप एकमेकांत गुंतून आपल्या लाळेने आणि अंगाच्या स्रावाने एक गोळा तयार करतात. ते फुत्कारून तो हवेत उडवतात. जमिनीला लागण्याआधी तो वस्त्रात झेलायचा आणि घोड्यावरून पळ काढायचा, कारण मध्ये नदी आडवी येईपर्यंत साप पाठलाग सोडत नाहीत, असे ड्रुइड सांगत. आपण असे एक अंडे पाहिले आहे असे प्लिनी म्हणतो: मध्यम सफरचंदाएवढे, कूर्चेसारख्या कवचाचे आणि त्यावर ऑक्टोपसच्या चोषकांसारखे खळगे असलेले. तो सागरी प्राण्याचा जीवाश्म असावा, असा पुष्कळांचा तर्क आहे. नागमणीच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना ही हकिगत अगदी जवळची वाटेल.

हे अंडे बाळगून मिळायचे काय, तर कज्जात जय आणि राजदरबारी प्रवेश. व्होकाँती टोळीतला एक सरदार खटल्याच्या वेळी ते छातीशी लपवून आला, म्हणून सम्राट क्लॉडियसने त्याला ठार मारवले, असेही प्लिनीने लिहिले आहे. अंतःशांती, ऊर्जा, चक्रजागृती यांपैकी एकही गोष्ट या हकिगतीत नाही. तिच्यात कोर्टकचेरीला भ्यालेला माणूस आहे, आणि त्याला आधार म्हणून छातीशी धरायला काहीतरी हवे आहे. मला हा माणूस चिठ्ठीवरच्या ड्रुइडापेक्षा कितीतरी खरा वाटतो.

पुढे वेल्समध्ये, कॉर्नवॉलमध्ये आणि स्कॉटलंडमध्ये काचेच्या जुन्या मण्यांना आणि भोक पडलेल्या दगडांना सापांनीच केलेले मानू लागले. वेल्श भाषेत त्यांना 'सापाचा मणी' अशा अर्थाचे नाव आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस एडवर्ड ल्हुइड या विद्वानाने हिंडून त्यांची नोंद केली, तेव्हा खेड्यापाड्यांत ते डोळ्यांच्या विकारावर आणि गुराढोरांच्या दुखण्यावर जपून ठेवलेले होते. यांतले कित्येक मणी खरोखरच दीड-दोन हजार वर्षांचे होते. शेतात नांगराला लागले, आणि त्यांना साप चिकटला तो लोकांच्या कल्पनेतून. केल्टिक प्रदेशातल्या लोकांनी सापाच्या नावाने अंगावर बाळगलेली वस्तू कोणती, असा सरळ प्रश्न असेल, तर त्याचे सरळ उत्तर हा निळसर काचेचा साधा मणी आहे. तो कोणत्याही 'केल्टिक सर्प' संग्रहात मला दिसला नाही.

आता गाठ घातलेला साप. हीच नक्षी सर्वांत जास्त खपते, आणि तिच्याविषयीच सर्वांत जास्त चुकीचे लिहिले जाते. एकमेकांच्या अंगाखालून-वरून जाणाऱ्या पट्ट्यांची नक्षी इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकात आयर्लंड आणि ब्रिटनमधल्या ख्रिस्ती मठांत बहरली. इसवी सन ८०० च्या सुमाराचे, आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात असलेले केल्सचे शुभवर्तमान, म्हणजे भिक्षूंनी हाताने लिहिलेली सचित्र ख्रिस्ती पोथी, भिंगाखाली पाहिले तर अक्षरांच्या पोटांतही साप गुंतलेले दिसतात. स्कॉटलंडच्या आयोना बेटावर आठव्या शतकातला सेंट मार्टिनचा क्रूस अजून उघड्यावर उभा आहे, आणि त्याच्यावरील गोल उठावांभोवती साप वेटोळे घालून आहेत. ही नक्षी केवळ केल्टांची नव्हे. एकमेकांना चावणाऱ्या, फितीसारख्या लांबवलेल्या प्राण्यांची आवड जर्मानिक लोकांच्या धातुकामातून आली. इंग्लंडमध्ये सटन हू येथे १९३९ साली उघडलेल्या नौकादफनातील, चारशे ग्रॅमहून अधिक वजनाच्या सोन्याच्या बकलावर असेच साप आणि श्वापदे गुंतलेली आहेत, आणि ते बकल अँग्लो-सॅक्सन, म्हणजे इंग्लंडमधल्या जर्मानिक, सरदाराचे आहे. मठांत या दोन परंपरा एकत्र आल्या.

मठातल्या भिक्षूंनी क्रूसावर साप का काढला, याचे उत्तर ड्रुइडांकडे शोधावे लागत नाही. मध्ययुगात सर्वत्र वाचल्या जाणाऱ्या 'फिजिओलॉगस' या प्राणिकथांच्या ग्रंथात सांगितले आहे की साप म्हातारा होऊन त्याला डोळ्यांनी दिसेनासे झाले, की तो चाळीस दिवस उपास करतो, अरुंद फटीतून अंग ओढून काढतो आणि जुनी कात टाकून पुन्हा तरुण होतो. तसे मनुष्याने करावे. ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाशी या सापाचा संबंध जोडण्याला यामुळे आधार मिळतो. म्हणजे गाठीच्या सापाला नवजीवनाचे प्रतीक म्हणायला हरकत नाही, फक्त तो ख्रिस्ती भिक्षूंचा साप आहे, आणि त्याला 'ख्रिस्तपूर्व गूढ चिन्ह' म्हणून विकणे हे त्या भिक्षूंच्या श्रद्धेवर आणि बोटांवर अन्याय करणारे आहे. एवढी बारीक नक्षी ज्यांनी डोळे फोडून काढली, त्यांचे नाव तरी नक्षीवर राहू द्यावे.

दागिन्यांना सोयीचे नाव देण्याची रीत जुनी आहे. १८५० साली आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर बेटीस्टाउनजवळ आठव्या शतकातली एक अप्रतिम पिन सापडली. ती डब्लिनचे जवाहिरे जॉर्ज वॉटरहाउस यांच्या हाती आली. त्यांनी तिला प्राचीन राजांच्या टेकडीवरून 'तारा ब्रोच' हे नाव दिले, तिच्या प्रतिकृती काढल्या आणि १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनात ती मांडली. तारा टेकडीशी तिचा काहीही संबंध नव्हता. आज ती डब्लिनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तिथेही तेच नाव चालते. त्याच काळात सापाची अंगठी इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाली. राणी व्हिक्टोरियाची वाङ्निश्चयाची अंगठी पाचू जडवलेल्या सापाची होती आणि त्या सापाचा अर्थ अखंड प्रेम असा घेतला जाई. आजच्या पेंडंटांतल्या सापांपैकी पुष्कळ साप घडणीने याच घराण्यातले आहेत.

शेपटी तोंडात धरलेल्या सापाविषयी थोडक्यातच लिहिते. त्याचे 'उरोबोरोस' हे नाव ग्रीक आहे, सर्वांत जुनी ज्ञात आकृती इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यातील, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातली आहे, आणि पुढे तो किमयागारांच्या पोथ्यांत गेला. त्याला केल्टिक म्हणण्याला आधार नाही.

पाच हजार वर्षांचा आकडा कुठून आला असावा, हेही सांगता येते. आयर्लंडमधील न्यूग्रेंजची कबर इसवी सनापूर्वी ३२०० च्या सुमारास बांधली गेली आणि तिच्या दगडांवर वेटोळी कोरलेली आहेत. ही वेटोळी 'केल्टिक' म्हणून विकली जातात आणि त्यांत साप पाहिला जातो. केल्टांच्या भाषा आणि कला यांचा माग पुरातत्त्वज्ञ इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या सहस्रकात घेतात. न्यूग्रेंज त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षे उभी होती. शिवाय हिमयुग संपल्यावर समुद्र वर चढून आयर्लंड वेगळे झाले आणि साप तिथवर पोहोचलेच नाहीत, म्हणजे ज्यांनी ही वेटोळी कोरली त्यांच्या बेटावर साप नव्हता. इंग्लंडमधल्या एव्हबरीच्या अश्मवर्तुळाचेही असेच झाले. विल्यम स्ट्यूकली या धर्मोपदेशकाने १७४३ साली ग्रंथ लिहून ते ड्रुइडांचे सर्पमंदिर ठरवले: दगडांच्या दुतर्फा रांगा म्हणजे सापाचे अंग, आणि टेकडीवरचे लहान वर्तुळ म्हणजे त्याचे डोके. त्याने केलेली मोजमापे आजही उपयोगी पडतात, कारण नंतर पुष्कळ दगड फोडले गेले. पण ते वर्तुळ ड्रुइडांच्या आधी दोन सहस्रके बांधलेले होते. 'ड्रुइडांचा सर्प' आजच्या बाजारात आला तो बऱ्याच अंशी स्ट्यूकलीच्या त्या नकाशातून.

सेंट पॅट्रिकने आयर्लंडमधून साप हाकलले, आणि ते साप म्हणजे खरे तर ड्रुइड होते, अशीही गोष्ट आपल्या लेखात होती. पॅट्रिक पाचव्या शतकातले. आयर्लंडमध्ये साप नाहीत हे त्याच्या दोनशे वर्षे आधी सोलिनस नावाच्या लॅटिन लेखकाने लिहून ठेवले होते, आणि ७३१ साली इतिहास पूर्ण करणाऱ्या बीड या इंग्रज भिक्षूलाही ते माहीत होते. पॅट्रिकचे नाव तो त्यात आणत नाही. साप हाकलल्याची कथा बाराव्या शतकातील संतचरित्रांत ठळक होते, आणि त्याच शतकात जेरल्ड ऑफ वेल्स याने तिच्यावर अविश्वास दाखवला आहे. साप म्हणजे ड्रुइड हे रूपक तर आपल्या काळातले आहे. आज काही लोक १७ मार्चला, म्हणजे पॅट्रिकच्या सणाला, निषेध म्हणून सापाची पिन लावतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करते, पण त्या भावनेचे वय पंधराशे वर्षे नाही.

आयर्लंडच्या जुन्या कथांतला साप बहुतेक वेळा भयंकर आहे. युद्धदेवता मॉरिगनच्या मुलाला तीन हृदये होती आणि प्रत्येकात एक साप वाढत होता. ते मोठे झाले असते तर देशातले सारे पशू संपले असते, म्हणून त्याला मारून सापांची राख नदीत टाकली, तर पाणी उकळले. दुसऱ्या एका कथेत कोनाल केर्नाख हा वीर किल्ल्यावर चालून जातो, तेव्हा पहाऱ्यावरचा भयंकर साप एकदम झेप घेऊन त्याच्या कमरपट्ट्यात शिरतो. किल्ला लुटून झाल्यावर वीर त्याला सोडून देतो, आणि दोघांनी एकमेकांना काहीच इजा केलेली नसते. कमरपट्ट्यातला हा साप कोणी कारागिराने घडवलेला मी पाहिलेला नाही, याची मला हळहळ वाटते.

आणि सापाविषयीचा जिवंत लोकाचार हवा असेल तर स्कॉटलंडच्या गेलिक भाषक वस्तीत तो होता. तिथे साप आहेत. १ फेब्रुवारीला, ब्रीड म्हणजे सेंट ब्रिजिडच्या दिवशी, जमिनीवर बर्फ असला तरी साप बिळातून बाहेर येतो, अशा अर्थाची गाणी बायका म्हणत. 'मी सापाला त्रास देणार नाही आणि साप मला त्रास देणार नाही' असा त्यांतला करार आहे. अलेक्झांडर कारमायकल यांनी ती गोळा करून १९०० साली छापली. नागपंचमीला चुलीवर तवा न ठेवणाऱ्या आणि जमीन न खणणाऱ्या आमच्या आईला हा करार एका क्षणात समजला असता.

कुंडलिनीविषयी शेवटी लिहिते, कारण तो मुद्दा आपल्या घरचा आहे. कुंकवात न्हालेले नागिणीचे पिल्लू वेटोळे घालून निजावे, तशी ही शक्ती, असे ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात आहे. ती योगमार्गातली, शरीराच्या आतली, गुरूच्या देखरेखीखाली जागवायची गोष्ट आहे. इंग्रजी वाचकांपर्यंत हा विचार मोठ्या प्रमाणावर पोहोचला तो कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी १९१९ साली आर्थर अॅव्हलॉन या नावाने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे. त्यानंतर युरोप-अमेरिकेतल्या नव्या आध्यात्मिक मंडळींनी दिसेल त्या सापाला कुंडलिनी म्हणायला सुरुवात केली. म्हणजे आपलीच कल्पना परदेशात गेली, तिथल्या चांदीवर चिकटली आणि 'प्राचीन केल्टिक ज्ञान' म्हणून पुण्याच्या प्रदर्शनात परत आली. ज्या मुलीने ज्ञानेश्वरी उघडलेली नाही, तिला कुंडलिनीची पहिली ओळख अशा चिठ्ठीवरून व्हावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

कोणी हे दागिने घालू नयेत असे मी म्हणत नाही. स्वतः मी सापाची अंगठी घालते. श्रद्धेने घातलेल्या वस्तूला माणूस स्वतःचा अर्थ देतो आणि तो अधिकार त्याचा आहे. परंतु चांदीचा कस आम्ही ९२५ चा ठसा मारून सांगतो, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तर प्रत्येक नगाला ओळख क्रमांक देणारा हॉलमार्क चांदीलाही ऐच्छिक स्वरूपात आला आहे. मग नक्षीचा कस सांगायला दोन ओळींची चिठ्ठी का जड व्हावी? 'गुंडेस्त्रुपच्या हंड्यावरून, डेन्मार्क, सुमारे इ. स. पू. १००', 'आयोनाच्या क्रूसावरून, आठवे शतक, ख्रिस्ती', 'आजच्या कारागिराची नवी नक्षी', एवढे पुरे आहे. नव्या नक्षीला नवी म्हणण्यात कमीपणा नाही. आमच्या दुकानात आम्ही गेल्या दिवाळीपासून असे लिहून देतो, आणि त्यामुळे कोणीही दागिना ठेवून परत गेलेले नाही.

आपल्या दैनिकाकडे माझी विनंती एवढीच आहे की त्या लेखातील दोन विधानांची दुरुस्ती आपण प्रसिद्ध करावी: पाच हजार वर्षांचा आकडा मागे घ्यावा, आणि तिसऱ्या छायाचित्राखालचा 'केल्टिक' हा शब्द काढावा. पहिल्या छायाचित्राखाली जागा मिळाली तर गुंडेस्त्रुपचे नाव घालावे. पुरवणीला उपयोगी पडत असल्यास सिरोना आणि आयोनाच्या क्रूसाची मी स्वतः काढलेली रेखाटने पाठवण्यास तयार आहे.

कळावे,
आपली नम्र,
रौप्यकाम करणारी एक वाचक, पुणे